कळा सुरू झाल्यावर साखर कशी मोजायची: गरोदरपणातला मधुमेह आणि लेबर रूम

नाळ कापली जाईपर्यंत बाळाला साखर मिळते ती आईच्याच रक्तातून. ग्लुकोज वारेतून (प्लॅसेंटातून) सहज पलीकडे जातं, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. त्यामुळे आईची साखर चढली की बाळाचीही चढते आणि ती उतरवायला बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड इन्सुलिन सोडू लागतं. नाळ कापली की साखर येणं एका क्षणात थांबतं, पण आधी सुटलेलं इन्सुलिन रक्तात तसंच असतं. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत या बाळांची साखर कोसळते ती यामुळे. कळांच्या काळातलं मोजमाप आईसाठी असतंच, पण त्याचा खरा धनी बाळ आहे, हे डोक्यात पक्कं असलं की पुढचे बरेचसे निर्णय सोपे होतात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. कळांमध्ये साखर उत्तम राहिली म्हणून बाळ सुटलं असं होत नाही. आधीच्या तीन-चार महिन्यांत साखर वाढलेली असेल तर बाळाचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवायला सरावलेलं असतं आणि शेवटच्या आठ तासांत ती सवय मोडत नाही. म्हणून आईचा तक्ता कितीही सुंदर दिसला तरी बाळाची तपासणी टळत नाही.

इथे दिलेलं डॉक्टर, सिस्टर आणि सुईणींसाठी आहे. इन्सुलिन आणि सलाईनचे निर्णय आपल्या विभागाच्या ठरलेल्या पद्धतीनुसार आणि डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरवरच घ्यायचे. स्वतः बाळंतपणाला जाणाऱ्या बाईने हे वाचलं तर आपल्या बोटाला दर तासाला का टोचतात, एवढं तरी तिला कळेल.

किती साखर चालते

बहुतेक ठिकाणी कळांमध्ये ७२ ते १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही मर्यादा धरतात. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शनात हेच ४ ते ७ मिलिमोल प्रति लिटर असं लिहिलेलं असतं (१ मिलिमोल प्रति लिटर म्हणजे १८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). काही विभाग ७० ते ११० इतकं घट्ट धरतात, तर आईची साखर फार खाली जाऊ नये म्हणून काही ठिकाणी ९० ते १४४ पर्यंत सैल सोडतात. कुठला आकडा घ्यायचा यावर वाद घालण्यापेक्षा आपल्या लेबर रूममध्ये सगळ्यांनी एकच आकडा धरावा. सकाळच्या पाळीला १२० चालतात आणि रात्रीच्या पाळीला त्याच १२० वर इन्सुलिन सुरू होतं, यात नुकसान जास्त.

मीटरचं एककही एकदा बघून घ्या. मिलिमोलवर लावलेलं मीटर ‘६.२’ दाखवतं आणि घाईत दशांशचिन्ह नजरेतून सुटलं की ते ६२ वाचलं जातं.

बाई दाखल झाली की

पहिली साखर दाखल करतानाच घ्यायची, कागदपत्रं नंतर. त्याचबरोबर पाच-सहा गोष्टी विचारून लिहून ठेवा. साखर नुसत्या आहारावर होती, मेटफॉर्मिनच्या गोळ्यांवर होती की इन्सुलिनवर? इन्सुलिन असेल तर कुठलं, किती युनिट आणि शेवटचं कधी घेतलं? शेवटचं खाणं किती वाजता आणि काय? गेल्या पाच-सात दिवसांत बाळाच्या फुप्फुसांसाठी बीटामेथासोनची इंजेक्शनं झाली आहेत का? हिमोग्लोबिन किती आहे? रक्तदाबासाठी लॅबेटेलॉल चालू आहे का?

इन्सुलिनची वेळ विचारण्याला कारण आहे. दुधाळ रंगाचं, मध्यम काळ चालणारं एनपीएच इन्सुलिन सर्वांत जोरात काम करतं ते टोचल्यानंतर साधारण चार ते दहा तासांनी. बाईने सकाळी सातला घरी नेहमीचा डोस घेतला, आठला कळा सुरू झाल्या, जेवण झालंच नाही. अशा वेळी दुपारी, नेमकं कळांनी जोर धरल्यावर साखर घसरते. दाखल करतानाची साखर ११० आहे म्हणून निर्धास्त राहिलं तर हीच घसरण हातून निसटते.

कळा मुद्दाम आणायच्या ठरल्या असतील तर आदल्या रात्रीचं दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन द्यायचं की कमी करायचं, हे डॉक्टर आधीच लिहून ठेवतात. कळा खऱ्या अर्थाने सुरू झाल्या की सकाळचा डोस आणि मेटफॉर्मिन थांबवायचं. सुरुवातीच्या टप्प्यात हलकं खायला परवानगी असेल तर द्या, फक्त मोजमाप खाण्याआधी करा. खाल्ल्यावर अर्ध्या तासाने घेतलेल्या आकड्यावरून इन्सुलिनची ड्रिप सुरू करणं चूक.

बोट, थेंब आणि स्ट्रिप

चुकीच्या आकड्यांमागे मीटरपेक्षा हातच जास्त वेळा असतो. मोसंबीचा रस, ग्लुकोजचं पाणी, केळं यांतलं काहीही बोटाला लागलेलं असलं तर त्या थेंबात साखर मिसळते आणि ९५ चे सहज १८० होतात. म्हणून साबण आणि कोमट पाण्याने हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे. कळांमध्ये बाईला बेसिनपर्यंत नेता येत नाही, तेव्हा ओल्या कापडाने बोट नीट पुसा, कोरडं करा, टोचा, पहिला थेंब कोरड्या कापसाने टिपून टाका आणि दुसरा वापरा. स्पिरिट वापरलंच तर ते पूर्ण वाळू द्या. ओलसर स्पिरिट थेंब पातळ करतं आणि झोंबतंही.

टोचायचं बोटाच्या टोकाला, पण मधोमध नाही, बाजूला. तिथे दुखतं कमी आणि रक्त येतं जास्त. मधलं किंवा करंगळीशेजारचं बोट घ्या आणि दर वेळी बदला, कारण बारा तासांच्या कळांत दहा-बारा टोचण्या होतात. दोन कळांच्या मधली उसंत पकडा. कळ चालू असताना मूठ आवळलेली असते. हात गार असेल तर मनगटापासून बोटाकडे हलकेच चोळा, हात खाली लोंबता ठेवा. टोचल्यावर बोटाचं टोक पिळू नका. पिळलं की रक्ताबरोबर ऊतींमधलं पाणी येतं आणि आकडा खोटा कमी दिसतो.

ज्या हाताला ग्लुकोजची सलाईन चालू आहे त्या हाताचं बोट घेऊ नका, आणि त्या शिरेतून रक्त तर मुळीच काढू नका. साधा हिशेब पाहा. ५ टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं सलाईन) म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम, म्हणजेच ५,००० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. रक्ताच्या नमुन्यात त्याचा फक्त ५० वा भाग मिसळला तरी आकडा जवळपास १०० ने फुगतो. अशा नमुन्यावरून इन्सुलिन दिलं गेलं की बाईची खरी साखर पन्नाशीत जायला वेळ लागत नाही.

स्ट्रिपची डबी दमट हवेत उघडी राहिली की स्ट्रिपा बिघडतात, पण दिसायला तशाच दिसतात. स्ट्रिप काढली की झाकण लगेच लावा, डबी उघडल्याची तारीख वर लिहा. उघडल्यावर किती दिवस चालते हे डबीवर छापलेलं असतं. मीटरला कोड लागत असेल तर तो डबीशी जुळवा. कंट्रोल सोल्यूशनने (साखरेचं प्रमाण आधीच माहीत असलेल्या द्रावाने) तपासणी रोज एकदा, नवी डबी काढल्यावर आणि मीटर खाली पडल्यावर करायची. हे तिसरं कोणी करत नाही आणि मीटर तर रोज पडतं.

टोचण्याचं पेन एका बाईचं दुसरीला वापरायचं नाही, सुई बदलली तरी नाही. त्यातून हिपॅटायटिस बी पसरल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. विभागात एकदाच वापरून टाकायच्या, आपोआप आत जाणाऱ्या लॅन्सेट ठेवा. मीटर दर बाईनंतर जंतुनाशकाने पुसा.

मीटर कधी फसवतं

बाजारातल्या चांगल्या मीटरलाही आंतरराष्ट्रीय मानकाने सूट दिलेली आहे: १०० च्या खाली १५ मिलिग्रॅम इकडेतिकडे आणि १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे. म्हणजे मीटरवरचे ७५ हे खरे ६२ असू शकतात. त्यामुळे इन्सुलिन चालू असताना ७५ दिसले तर ‘मर्यादेत आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा बघा.

रक्तक्षय असला की बहुतेक मीटर साखर खरीपेक्षा जास्त दाखवतात. हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईत हा फरक दखल घेण्याइतका असतो. धोका दुहेरी आहे: खरी कमी साखर झाकली जाते आणि गरज नसताना इन्सुलिन सुरू होतं. स्ट्रिपच्या माहितीपत्रकात हिमॅटोक्रिटची (रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाची) मर्यादा दिलेली असते. बाईचा आकडा त्याबाहेर असेल तर दाखल करतानाच शिरेतलं रक्त प्रयोगशाळेत पाठवा, त्याच वेळी मीटरवरही बघा आणि फरक तक्त्यावर लिहून ठेवा. खूप रक्तस्राव, पडलेला रक्तदाब, सुजलेली गार बोटं, अशा वेळीही बोटातल्या थेंबावर विसंबू नका.

प्रयोगशाळेत पाठवायचं रक्त करड्या झाकणाच्या फ्लोराइड नळीत घ्या. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात आणि तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते. नमुना दोन तास टेबलावर राहिला तर येणारा आकडा टेबलाचा, बाईचा नव्हे. फ्लोराइडचा परिणामही लगेच सुरू होत नाही, तेव्हा तीही नळी लवकर पोचवा.

आकडा बाईशी जुळत नसेल, किंवा काहीही न घडता मागच्यापेक्षा ५० ने वर-खाली झाला असेल, तर हात पुसा, दुसऱ्या हाताचं बोट, नवी स्ट्रिप. तरीही पटत नसेल तर शिरेतलं रक्त. एक अपवाद: आकडा कमी आला असेल तर आधी उपचार, मग शंका.

अंगावर सतत साखर मोजणारा सेन्सर लावून येणाऱ्या बायका आता दिसतात. तो काढायची गरज नाही, कल कुठे चालला आहे हे त्यावर छान कळतं. पण तो त्वचेखालच्या पाण्यातली साखर मोजतो, त्यामुळे रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो, आणि बाई त्या कुशीवर झोपली तर दाबामुळे खोटा कमी आकडा दाखवतो. इन्सुलिन किंवा ग्लुकोज देण्याआधी बोटातून खात्री करायची.

किती वेळाने मोजायचं

फक्त आहारावर साखर ताब्यात असलेली बाई असेल तर दाखल करताना, मग कळा हलक्या असेपर्यंत दर चार तासांनी, आणि गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडून कळांनी जोर धरल्यावर दर दोन तासांनी. गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर आधी दर दोन तासांनी, नंतर दर तासाला. ‘नाइस’ मात्र मधुमेह असलेल्या सगळ्यांचीच दर तासाला मोजायला सांगते. हाताशी माणसं असतील तर ते करावं. नसतील तर आहारावरच्या बाईचं अंतर वाढवा, इन्सुलिनवालीचं कधीच नाही.

इन्सुलिनची ड्रिप चालू असली की दर तासाला, बाई झोपली असली तरी, मागचे चार आकडे छान आले असले तरी. साखर ७० च्या खाली गेली की ती सावरेपर्यंत दर १५ मिनिटांनी. सिझेरियनसाठी पूर्ण भूल दिली तर भूल दिल्यापासून पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत दर ३० मिनिटांनी, कारण गुंगीतल्या बाईची कमी साखर बाहेरून दिसत नाही. याशिवाय उलटी झाली, बाटली बदलली, एपिड्युरल (पाठीतून दिलं जाणारं वेदनाशामक) लावताना सलाईन वेगाने गेलं, कळा थोपवणारं टर्ब्युटालिन दिलं, की एक जादा मोजमाप.

कळांच्या सुरुवातीला साखर थोडी वर आणि जोर धरल्यावर खाली, हा नेहमीचा कल. गर्भपिशवी हा मोठा स्नायू आहे. तो तासन्‌तास आवळला की धावणाऱ्या माणसाच्या पायांसारखी साखर खेचतो. त्यामुळे जोरदार कळांत इन्सुलिनची गरज जवळजवळ शून्यावर येते. शेवटी जोर लावताना मात्र ॲड्रिनॅलिनमुळे साखर पुन्हा थोडी चढू शकते. तोंड पूर्ण उघडलंय, बाळाचं डोकं दिसतंय आणि साखर १३५ आली, तर आमच्या मते तिथे नवी ड्रिप जोडत बसू नये. पंधरा-वीस मिनिटांत इन्सुलिनचा बाळाला काही फायदा होत नाही, आणि वार पडल्यावर तेच इन्सुलिन आईला अडचणीत आणतं.

सलाईन कुठलं

जोरदार कळा नसतील आणि साखर शंभराच्या वर असेल तर नॉर्मल सलाईन किंवा रिंगर, दोन्ही बिनसाखरेची. जोर धरल्यावर किंवा साखर ७० च्या खाली गेल्यावर ५ टक्के डेक्स्ट्रोज, ताशी १०० ते १२५ मिलिलिटर. म्हणजे तासाला ५ ते ६ ग्रॅम ग्लुकोज. बाई पोटभर खात-पीत असेल आणि साखर मर्यादेत असेल तर सलाईनचीच गरज नसते.

‘बाळंतिणीला ताकद यावी’ म्हणून ५०० मिलिलिटर डेक्स्ट्रोज भराभर सोडायची सवय अनेक ठिकाणी मुरलेली आहे. यात २५ ग्रॅम ग्लुकोज वीस मिनिटांत जातं, आईची साखर उसळते, बाळाचं इन्सुलिन उसळतं आणि तासाभराने जन्मलेल्या बाळाची साखर ३० येते. वेगाने द्यायचं कुठलंही सलाईन, मग ते एपिड्युरलआधी असो, रक्तदाब पडला म्हणून असो की बाळाचे ठोके मंदावले म्हणून, बिनसाखरेचंच हवं. कळा वाढवणारं ऑक्सिटोसिनही नॉर्मल सलाईनमध्येच मिसळा. तोंड उघडत नाही म्हणून वेग वाढवत गेलं तर डेक्स्ट्रोजमधल्या ऑक्सिटोसिनबरोबर साखरही वाढत जाते आणि सोडियम पडतं ते वेगळंच.

इन्सुलिनची ड्रिप

आहारावर ताबा असलेल्या बहुतेक बायकांना कळांमध्ये इन्सुलिन लागतच नाही. साखर मर्यादेच्या वर एकदा आली तर आधी हात तपासा, डेक्स्ट्रोज चालू आहे का बघा, नंतर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही वरच असेल तर ड्रिप.

५० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ५० युनिट साधं, पाण्यासारखं स्वच्छ रेग्युलर इन्सुलिन आणि उरलेलं नॉर्मल सलाईन. १ मिलिलिटर म्हणजे १ युनिट. इथली सर्वांत मोठी चूक बाटलीवर न वाचण्यातून होते. इन्सुलिन १ मिलिलिटरमध्ये ४० युनिटचंही मिळतं आणि १०० युनिटचंही. ५० युनिट म्हणजे पहिल्यातून १.२५ मिलिलिटर, दुसऱ्यातून फक्त ०.५. बाटल्यांची अदलाबदल झाली तर अडीचपट इन्सुलिन जातं. म्हणून इन्सुलिनच्याच सिरिंजने काढा (४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी) आणि दुसऱ्या माणसाला दाखवून मगच मिसळा. इन्सुलिन प्लास्टिकच्या नळीला चिकटतं. नळी भरून २० मिलिलिटर मिश्रण वाहू द्या, नाहीतर पहिला तास-दीड तास बाईला नावापुरतंच मिळतं, मग आपण वेग वाढवतो आणि नंतर साखर धाडकन पडते.

पंप असेल तर नेहमी वापरात असलेला एक हिशेब असा:

१०० पर्यंत: इन्सुलिन नाही, डेक्स्ट्रोज चालू
१०१ ते १४०: ताशी १ युनिट, डेक्स्ट्रोजसोबत
१४१ ते १८०: ताशी १.५ युनिट, नॉर्मल सलाईनसोबत
१८१ ते २२०: ताशी २ युनिट, नॉर्मल सलाईनसोबत
२२० च्या वर: ताशी २.५ युनिट, नॉर्मल सलाईनसोबत, आणि डॉक्टरांना लगेच कळवायचं

पंप नसेल तर ५०० मिलिलिटर नॉर्मल सलाईनमध्ये साखर १२० ते १४० असताना ४ युनिट, १४० ते १८० ला ६ आणि १८० च्या वर ८ युनिट घालून ताशी १०० मिलिलिटर सोडतात. म्हणजे ताशी अनुक्रमे ०.८, १.२ आणि १.६ युनिट. थेंब मोजताना सेटच्या पाकिटावर बघा: १ मिलिलिटरला २० थेंबांचा सेट असेल तर मिनिटाला ३३ थेंब, १५ चा असेल तर २५. भिंतीवर लावलेला थेंबांचा आकडा दुसऱ्याच सेटचा असू शकतो. साखरेचा गट बदलला की जुनी बाटली काढून नवी बनवायची. चालू बाटलीत अंदाजाने इन्सुलिन टोचायचं नाही.

इन्सुलिन आणि सोबतचं सलाईन एकाच शिरेत वाय जोडणीने, उलटं न वाहू देणारी झडप लावून द्या. डेक्स्ट्रोजची बाटली संपली आणि इन्सुलिन चालूच राहिलं, ही घटना रात्री तीन वाजता घडते. बाटली संपायच्या आत बदला. ड्रिप काही तास चालली तर पोटॅशियम बघा. रक्तदाब वाढलेल्या, प्री-एक्लॅम्प्सिया असलेल्या बाईत एकूण पाणी साधारण ताशी ८० मिलिलिटरच्या आत ठेवतात, तेव्हा ऑक्सिटोसिन, मॅग्नेशियम, इन्सुलिन आणि डेक्स्ट्रोज सगळ्यांची बेरीज करा. तिच्यासाठी बाटलीची पद्धत बसत नाही, पंपच हवा.

साखर कमी झाली तर

घाम, थरथर, धडधड, चिडचिड ही कमी साखरेची लक्षणं, आणि कळांचीही तीच. लॅबेटेलॉल चालू असेल तर थरथर आणि धडधड दबूनही जाते, घाम तेवढा राहतो. म्हणून लक्षणांवरून ठरवायचं नाही. बाई वेगळी वाटली की मोजायचं.

७० च्या खाली आकडा आला की आधी इन्सुलिन बंद. शुद्धीवर असेल आणि तोंडाने घ्यायला परवानगी असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पाण्यातून साधारण तीन चहाचे चमचे किंवा १५० मिलिलिटर फळांचा रस. तोंडाने घेता येत नसेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज १५० मिलिलिटर, पंधरा मिनिटांत. ५० टक्क्यांचं २५ मिलिलिटर हाताशी असेल तर चालतं, पण शीर जळते आणि साखर उसळून पुन्हा बाळाकडे जाते. बाई बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवा, श्वासमार्ग मोकळा करा, शिरेतून द्या. शीर सापडत नसेल तर साखर वाढवणारं ग्लुकागॉन १ मिलिग्रॅम स्नायूत. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, तेही दुसऱ्या हातावर. सावरल्यावर इन्सुलिन पुन्हा लावायचं का, हा प्रश्न नव्याने विचारा. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं.

चढतच राहिली तर

२०० च्या वर दोनदा आली, किंवा बाई उलट्या करतेय, धाप लागलीय, तर कीटोन (शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे पदार्थ) बघा. रक्तातला कीटोन ०.६ मिलिमोलपर्यंत ठीक, १.५ च्या वर काळजी, ३ किंवा जास्त म्हणजे कीटोॲसिडोसिस (कीटोनमुळे रक्त आम्लधर्मी होणं) समजून धावपळ. गरोदरपणात तो साखर २०० च्या आत असतानाही होऊ शकतो. दुसरीकडे, लघवीत कीटोन आणि साखर ८५, हे कळांत नेहमी दिसतं. ती उपासमार आहे, तिला डेक्स्ट्रोज हवं, इन्सुलिन नको.

बीटामेथासोन (१२ मिलिग्रॅम, २४ तासांच्या अंतराने दोनदा) घेतलेल्या बाईची साखर पहिल्या डोसानंतर १२ तासांच्या आसपास चढू लागते आणि साधारण पाच दिवस चढी राहू शकते. नुसत्या आहारावरच्या बाईलाही तेव्हा इन्सुलिन लागू शकतं. अशी बाई कळा घेऊन आली तर तिला पहिल्यापासून दर तासाच्या गटात टाका.

सिझेरियन ठरलेलं असेल तर यादीत सकाळी पहिला नंबर तिचा. उपास जितका लांबेल तितका घोळ वाढतो.

वार पडली की

इन्सुलिनला विरोध करणारी संप्रेरकं वारेतून येतात. वार बाहेर आली की तो विरोध भराभर ओसरतो, आणि गरोदरपणातच मधुमेह झालेल्या बाईचं इन्सुलिन त्याच क्षणी बंद करायचं. टाके घालणं, रक्तस्राव बघणं, बाळाला पुसणं या गडबडीत पंप चालू राहतो. वार तपासून झाली की पहिली नजर पंपाकडे, असा नियमच करून टाका. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईचं गणित वेगळं: तिचं इन्सुलिन खूप कमी होतं, पण पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ते पूर्ण बंद करता येत नाही. दाखल करतानाच ती कुठल्या गटातली, हे मोठ्या अक्षरात लिहा.

बाळाला पहिल्या तासातच, जमलं तर अर्ध्या तासात छातीशी लावा. पहिल्या पाजण्यानंतर ३० मिनिटांनी पहिली साखर, मग दर वेळी पाजण्याआधी, किमान १२ तास. टाचेच्या बाजूच्या कडेला टोचा, मधोमध किंवा मागच्या टोकाला नाही, खोली २.४ मिलिमीटरच्या आत. नवजात बाळाचं रक्त घट्ट असल्याने मीटर बहुधा खरीपेक्षा कमी दाखवतं, तेव्हा कमी आकडा प्रयोगशाळेतून पडताळा, पण उपचार त्यासाठी थांबवू नका. पहिल्या चार तासांत ४० च्या खाली आली तर पाजून तासाभरात पुन्हा मोजा. ४० टक्के ग्लुकोज जेल असेल तर किलोमागे ०.५ मिलिलिटर गालाच्या आतून चोळा. चार तासांनंतर ४५ च्या वर हवी. पाजूनही २५ च्या वर येत नसेल, किंवा ४० च्या खाली असून बाळ थरथरतंय, ढिलं पडलंय, श्वास अडखळतोय, तर बालरोगतज्ज्ञ आणि शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज, किलोमागे २ मिलिलिटर.

तक्ता

साखरेचा वेगळा कागद ठेवला की तो हरवतो. कळांच्या तक्त्यावरच, त्याच वेळेच्या रेषेखाली साखर, इन्सुलिनचा वेग, सलाईनचं नाव आणि वेग लिहा. तोंड ७ सेंटिमीटर, कळा दहा मिनिटांत चार, साखर ११८ वरून ९६, इन्सुलिन १ युनिट: हे एका नजरेत दिसलं तर पुढच्या तासाला काय होणार हे कुणालाही कळतं. पाळी बदलताना शेवटचा आकडा सांगून भागत नाही. शेवटचे तीन, आणि पुढचं मोजमाप किती वाजता, हे सांगा.

घरी जाण्याआधी आईची साखर इन्सुलिनशिवाय एकदा उपाशीपोटी बघून घ्या. मग ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी, आणि त्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर आकड्यात. त्याऐवजी एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) केलं तर रक्तस्राव आणि लोहाच्या कमतरतेमुळे त्या काळात तो आकडा फसवतो.